पाण्याच्या रेट्यानेच मिटणारे दार



दारं धरणं हे काम आपल्यात कुणाला शिकवावं लागत नाही. चारीला पाणी आलं की खोरं खांद्यावर टाकायचं, बॅटरी घ्यायची आणि रात्रभर एका सरीचं दार मोडून दुसरीचं बांधत बसायचं. हे दार म्हणजे काय, तर चार खोरी माती. पण तेवढी माती नीट बसली नाही तर सकाळी वरच्या सरीत तळे आणि खालची सरी कोरडी, हा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे.

प्रस्तुत लेखातील दारे मात्र वेगळी आहेत. झाले असे की, आमच्या एका सभासदांचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. त्याने तिथल्या एका कालव्याचा फोटो वडिलांना पाठवला. टेकडीच्या उतारावर एकाखाली एक पाण्याचे हौद, आणि प्रत्येक हौदाला भली थोरली लाकडी दारे. वडील तो फोटो घेऊन गट कार्यालयात आले आणि म्हणाले, "साहेब, हे पाणी टेकडीवर थांबलंय कसं? आन् एवढी मोठी लाकडाची दारं गळत न्हाईत व्हय?" आम्हाला तिथल्या तिथे धड उत्तर देता आले नाही. मग पुस्तके चाळली, हिशेब मांडले. ते करताना आपल्या चारीच्या गळक्या दाराविषयीही एक गोष्ट ध्यानात आली, ती शेवटी सांगतो.

फोटो आहे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील डिव्हायझेस गावाजवळचा. कालव्याचे नाव केनेट-एव्हन आणि टेकडीचे नाव केन हिल. (केन म्हणजे ऊस नव्हे. उच्चार तसा पडतो इतकेच.) जॉन रेनी या इंजिनिअरने आखलेला हा कालवा १८१० मध्ये पुरा झाला. तो शेतीला पाणी देण्यासाठी काढलेला नाही. लंडनकडची थेम्स नदी आणि ब्रिस्टॉलकडची एव्हन नदी जोडून त्यावरून कोळसा, धान्य, दगड वाहणाऱ्या बोटी न्यायच्या, हा हेतू. काठाने घोडा चालायचा आणि दोराने बोट ओढायचा.

आता बोटीला पाणी लागते सपाट. आपल्या कालव्याला उतार आला की इंजिनिअर लोक 'फॉल' बांधतात, पाणी तिथून खाली उडी मारते आणि पुढे चालू लागते. बोटीला अशी उडी मारता येत नाही, आणि उलट चढून यायचे तर नावच नको. डिव्हायझेसपाशी दोन मैलांत २३७ फुटांचा चढ आहे. म्हणून तिथे कालव्याच्या २९ पायऱ्या केल्या. एकेक पायरी सरासरी आठ फुटांची. अशा पायरीला इंग्रजीत 'लॉक' म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात 'जलपाश' हा शब्द असतो, पण आम्ही इथे लॉकच म्हणतो.

लॉक म्हणजे एक लांबट दगडी हौद. वरच्या बाजूला एक दार, खालच्या बाजूला दुसरे. खालून बोट आली की हौदातले पाणी खालच्या कालव्याच्या पातळीला असते. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरच्या दाराकडची झडप उचलून वरचे पाणी हौदात सोडायचे. हौद भरतो तशी बोट आपोआप वर उचलली जाते. पाणी वरच्या पातळीला आले की वरचे दार उघडते आणि बोट पुढे निघते. उतरताना याच्या उलट. पंप नाही, इंजिन नाही, क्रेन नाही. वीस-पंचवीस टनांची बोट एक माणूस आणि त्याची बायको आठ फूट चढवतात.

ही युक्ती सुचेपर्यंत माणसाने बरेच हाल सोसले. इंग्लंडात थेम्स नदीवर पूर्वी पाणचक्कीवाल्यांचे बंधारे होते. त्यात मधे एक खिंड ठेवून ती उभ्या फळ्यांनी बंद केलेली असे. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला आपण बरगे घालतो ना, साधारण तसाच प्रकार. बोट आली की फळ्या काढायच्या. पाण्याचा लोंढा सुटायचा आणि उतरणारी बोट त्या लोंढ्यावर स्वार होऊन खाली जायची. चढणाऱ्या बोटीला लोंढा जरा ओसरेपर्यंत थांबावे लागे, मग दोर आणि रहाट लावून तिला ओढून घेत. बोटी उलटत, माणसे बुडत. शिवाय चक्कीवाल्याने साठवलेले पाणी एका बोटीपायी वाहून जाई आणि पुन्हा साठा होईतो चक्की बंद राही. त्यामुळे तो फळ्या काढायला नाखूष. पैसे मागायचा, बोटी ताटकळत ठेवायचा. बोटवाला म्हणे नदी सगळ्यांची, चक्कीवाला म्हणे बंधारा माझा. हेड आणि टेलची भांडणे फक्त आपल्याच कालव्यावर आहेत असे कुणी समजू नये.

दोन दारांच्या लॉकची पहिली पक्की नोंद चीनची आहे. साल ९८४. तिथे सरकारी धान्य बोटींतून राजधानीकडे जात असे. जिथे कालव्याची पातळी बदले तिथे बोटी घसरणीवरून दोरांनी ओढाव्या लागत. त्यात बोटी फुटत, आणि फुटल्या की धान्य वाहून जाण्याऐवजी चोरीस जाई! तिथले आसपासचे लोक आणि ओढणारे मजूर यांचे संगनमत असायचे. छ्याओ वेइयुए नावाचा वाहतूक अधिकारी या चोऱ्यांनी हैराण झाला आणि त्याने एकापाठोपाठ एक अशी दोन दारे बांधली, दोहोंमध्ये अंतर सुमारे अडीचशे फूट. बोट मधे घ्यायची आणि पाणी समपातळीत आणायचे. चोरी थांबवायला निघालेला माणूस हा शोध लावून बसला. (वजनकाट्यावरच्या आमच्या मंडळींना ही गोष्ट विशेष आवडली.)

चीनमधली ती दारे सरळ वर उचलायची होती. उचलायच्या दाराची अडचण दोन प्रकारची. एक म्हणजे दार जितके रुंद तितके ते जड. आणि दुसरी, वर उचलले तरी ते बोटीच्या डोक्यावर लोंबकळत राहते. युरोपातही सुरुवातीला अशीच दारे होती. पंधराव्या शतकात इटलीतील मिलान शहराभोवती बरेच कालवे निघाले. तिथल्या मोठ्या चर्चच्या बांधकामाचा संगमरवर बोटींतून शहरात आणायचा होता. त्या शतकाच्या अखेरीस तिथे दोन फळ्यांचे, भिंतीवर फिरणारे दार पुढे आले. मोनालिसाचे चित्र काढणारा लिओनार्दो दा विंची त्या काळात मिलानच्या दरबारी होता आणि त्याच्या वह्यांत या दारांची रेखाटने आहेत. इंग्लंडात अशा दारांचे पहिले लॉक १५७७ मध्ये लंडनजवळ ली नदीवर वॉल्थम ॲबे येथे झाले. त्यानंतर आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे.

आता त्या कल्पनेकडे येऊ, कारण सगळी गंमत तिच्यात आहे.

आपल्या वाड्याचे दुहेरी दार बंद केले की दोन्ही फळ्या एका सरळ रेषेत येतात. बाहेरून रेटा आला की अडसर लागतो. लॉकच्या दाराला अडसरच नाही. त्याच्या दोन फळ्या सरळ रेषेत येतच नाहीत. भिंतीपासून निघून त्या वरच्या पाण्याच्या दिशेने झुकतात आणि मधे टोक करून एकमेकींना टेकतात. वरून पाहिले तर छपराच्या दोन वाशांसारखा आकार. एकेक फळी साधारण १८ अंशांनी कललेली असते. वरचे पाणी या टोकावर जितके रेटते तितक्या त्या दोन फळ्या एकमेकींत घट्ट दाबल्या जातात आणि तो भार दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींत जातो. कमान जशी वरच्या वजनाने पक्की होते तसेच हे आडवे पडलेल्या कमानीचे काम आहे. पाणी वाढले की दार ढिले न होता उलट आवळते. अर्थात पाणी उलट बाजूने चढले तर तेच दार मुकाट्याने उघडेल. ते एकाच बाजूचे इमानी आहे.

हा रेटा किती असतो? केन हिलच्या एका लॉकचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. दार १४ फूट रुंद. हौद भरलेला असताना खालच्या दाराच्या आतून १३ फूट पाणी धरू, बाहेरून ५ फूट. दोहोंचा फरक काढला तर दारावर सुमारे २८ टनांचा भार येतो. दहा टनी तीन ट्रक ऊस त्या लाकडावर टेकून उभा केल्यासारखे झाले. अशा वेळी दार उघडायला दहा माणसे लावली तरी ते हलणार नाही. इतकेच काय, खालच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्यात एक इंचाचा फरक उरला असला तरी एकेका फळीवर पंच्याऐंशी ते नव्वद किलोचा रेटा राहतो. म्हणून बोटवाले घाई करत नाहीत. पाणी बरोबर झाले की तेच दार एक बाई पाठीने ढकलते.

पाठीने ढकलायला दाराच्या माथ्यावर एक लांब जाड दांडा असतो, तो काठावर दूरवर आलेला असतो. फोटोत टोके पांढरी रंगवलेले जे काळे दांडे दिसतात ते हेच. त्यांचे काम दोन प्रकारचे. लांबीमुळे जोर कमी लागतो हे एक. दुसरे म्हणजे दांड्याचे वजन भिंतीच्या अलीकडे येते आणि पाण्याकडे लोंबकळणाऱ्या जड फळीला तोलून धरते. नाहीतर फळी हळूहळू पाण्याकडे झुकेल आणि खालचे टोक तळाला घासू लागेल. दांडा ढकलणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून जमिनीत विटांच्या उंच कडा अर्धवर्तुळात बसवलेल्या असतात.

आणि बिजागऱ्या? त्या नाहीतच. जुन्या वाड्याच्या दाराची फळी जशी दगडी उखळीत फिरते तसेच इथे आहे. भिंतीकडच्या जाड खांबाच्या तळाला लोखंडी खुंटी असते आणि ती पाण्याखालच्या वाटीसारख्या खाचेत बसते. वरच्या टोकाला लोखंडी पट्ट्याचे कडे असते, ते मागच्या दगडी बांधकामात खोल नांगरलेले. कड्याने फक्त खांब उभा धरायचा, भार झेलायचा नाही. भार झेलते ती भिंतीतली दगडी खोबण. खांबाची पाठ गोल तासलेली असते आणि खोबणही तितकीच गोल. दार मिटले की लाकूड दगडाला सबंध उंचीभर टेकते आणि तिथून पाणी गळत नाही. खाली टोकदार उंबरा असतो, फळ्यांची खालची कड त्याला टेकते. मधे दोन्ही फळ्यांचे उभे खांब तिरपे तासलेले असतात, ते एकमेकांना टेकतात. तीन ठिकाणी टेकणे आले: भिंतीला, उंबऱ्याला आणि एकमेकींना. रबर नाही, डांबर नाही. पाणी थांबते ते केवळ सुताराच्या आणि पाथरवटाच्या मापावर, आणि पाण्याच्या रेट्याने आवळल्यामुळे.

म्हणूनच एका लॉकचे दार दुसऱ्याला चालत नाही. नकाशात सगळी लॉक सारखी असतात, पण दोनशे वर्षांत भिंती थोड्या सरकतात, उंबरे झिजतात. नवे दार करताना प्रत्येक हौद रिकामा करून त्याची मापे घेतात आणि त्याच मापाचे दार तयार करतात. लाकूड ओकचे. इंग्लंडात ओकला तो मान आहे जो आपल्याकडे सागाला. चौकटीचे खांब आणि आडवे वासे फूट फूट जाडीचे असतात, एकाच्या टोकाला जीभ काढून दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले आणि सांध्यावर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. त्यावर जाड फळ्या. पाणी आत-बाहेर सोडायची झडप या दारातच खालच्या अंगाला असते, किंवा भिंतीतल्या भुयारी मोरीवर. दातेरी पट्टी आणि चाक फिरवून ती उचलायची, आणि एक खिट्टी दातात अडकवून धरायची. खिट्टी सुटली तर हँडल गरगर फिरून माणसाचा हात मोडते. बोट चढवताना आधी मोरीची झडप उचलतात, मग दारातली. नाहीतर दारातून सुटलेली धार थेट बोटीत शिरते.

इतके सगळे केले तरी ओकचे दार टिकते पंचवीस वर्षांच्या आसपास. कायम पाण्याखाली असलेले लाकूड कुजत नाही. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या तळाला जांभळाचे लाकूड घालत ते याचसाठी. कुजते ते पाण्याच्या रेषेवरचे, जिथे दिवसातून दहादा ओले आणि सुके होते. मग सांधे ढिले होतात, कडा झिजतात आणि गळती सुरू होते. जुने कालवेवाले त्यावर एक उपाय करत. कोळशाची राख दाराच्या वरच्या अंगाला पाण्यात टाकत, पाणीच ती फटीत ओढून नेई आणि फट बुजे. आपण पाचट आणि चिखल कोंबतो त्यातलाच प्रकार. दुरुस्तीसाठी हौद रिकामा करायचा झाला तर भिंतीतल्या खाचांत फळ्या सारतात. म्हणजे पुन्हा आपले बरगेच.

पाण्याचाही हिशेब बघण्यासारखा आहे. केन हिलचा हौद ७२ फूट लांब, १४ फूट रुंद आणि आठ फूट चढाचा धरला तर एका बोटीमागे आठ हजार घनफूट पाणी वरून खाली जाते. एका एकरावर दोन इंचांहून थोडे अधिक, किंवा एक क्युसेकची मोरी सव्वादोन तास चालवण्याइतके. हे पाणी वाया गेले असे नाही, पण ते वरच्या कालव्यातून कायमचे उतरले. म्हणून एक उतरणारी बोट, मग एक चढणारी, अशी पाळी लावली तर एकाच हौदभर पाण्यात दोन बोटी जातात. पाळी मोडली, रिकाम्या हौदाकडे वरून बोट आली, की आणखी एक हौद खर्च. टेकडीच्या सरळ उतारावर सोळा लॉक इतकी जवळजवळ आहेत की दोहोंमध्ये पाणी साठायला कालव्याची लांबीच उरली नाही. तेव्हा रेनीने मधले तुकडे बाजूला रुंद करून मोठी तळी काढली. १९९६ मध्ये तर पायथ्याशी पंप बसवून खाली गेलेले पाणी पुन्हा माथ्यावर नेण्याची सोय केली. तो दर अकरा मिनिटांना एक हौदभर पाणी वर टाकतो.

मधल्या काळात मात्र या कालव्याची फार वाईट दशा झाली होती. १८५२ मध्ये तो एका रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला. रेल्वेला बोटींचा धंदा वाढवण्यात काय रस? डागडुजी मागे पडत गेली. १९४८ मध्ये केन हिलवरून शेवटची मालाची बोट गेली. पुढे हौद कोरडे पडले, आणि दार कोरडे पडले की ते ओल्यापेक्षा लवकर जाते. लाकूड आकसते, फटी पडतात, सांध्यांतून झाडे उगवतात. १९५६ मध्ये कालवा कायमचा बंद करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा लोकांनी वीस हजारांच्या आसपास सह्या गोळा केल्या आणि तो अर्ज पाण्याच्या वाटेनेच लंडनला नेला. पुढे संस्था काढली, वर्गणी जमवली, सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरून श्रमदान केले. जवळजवळ चाळीस वर्षांच्या खटपटीनंतर ऑगस्ट १९९० मध्ये एलिझाबेथ राणीच्या हस्ते हा जिना पुन्हा सुरू झाला. आणि पंचवीस वर्षांचा हिशेब मनात धरला तर तेव्हाच्या नव्या दारांचीही मुदत आता सरलेली आहे.

अशी दारे आपल्या देशातही झाली. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावर कॉटली साहेबाने फॉलच्या बाजूला बोटींसाठी लॉक ठेवली होती. आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखालचे कालवे सर आर्थर कॉटन याने शेती आणि बोटी दोन्हींसाठी काढले. पुढे या दोघांत जाहीर वाद झाला. आमच्या मते अडचण मुळातच होती. बोटीला पाणी संथ हवे, पिकाला पाणी वाहते हवे.

आपल्या भागाचा या लाकडी दारांशी संबंध नाही, पण पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या दाराशी आहे. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. पूर चढला की ती आपोआप उघडत आणि ओसरला की मिटत. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठू लागले.

आता आपल्या चारीकडे. गेल्या उन्हाळी आवर्तनात आमच्याकडच्या एका चारीच्या तोंडाचे लोखंडी दार पूर्ण खाली सोडलेले होते, तरी रात्रभर खाली पाणी जात राहिले. ज्यांची पाळी नव्हती त्यांच्या शेतात पाणी साचले आणि टेलच्या चार सभासदांच्या आडसाली उसाला पाण्याची पाळी हुकली. पाणी चोरले म्हणून एकमेकांवर बोलाचाली झाली. आम्ही जाऊन पाहिले. कुणी काही चोरले नव्हते. दार तीन फूट रुंद, मागे दोन फूट पाणी, आणि खाली उंबऱ्यावर दगडाची कपची अडकल्याने अर्ध्या इंचाची फट. बोटसुद्धा नीट जाणार नाही अशी. पण हिशेब केला तर त्या फटीतून पाऊण क्युसेकच्या वर पाणी जाते. बारा तासांत तीन एकरांहून अधिक उसाला तीन इंची पाणी! लॉकचे दार पाण्यानेच आवळते, आपले वरून सरकणारे दार तसे आवळत नाही. त्याचा उंबरा साफ नसेल तर ते मिटलेले दिसते, मिटलेले नसते.

तेव्हा पुढील आवर्तन सुटण्यापूर्वी, चारी कोरडी असतानाच, आपापल्या चारीच्या दाराचा उंबरा खरवडून साफ करावा, दार पूर्ण खाली सोडावे आणि खालून व दोन्ही बाजूंनी उजेड दिसतो का ते पाहावे. दिसल्यास फटीची लांबी व उंची पट्टीने मोजून, दाराची रुंदी आणि चारीचा नंबर यांसह गट कार्यालयात लिहून द्यावी. सर्व मापे एकत्र करून पाणीवापर संस्थांमार्फत दुरुस्तीचा अर्ज द्यायचा आहे, आणि 'दार गळते' एवढेच लिहिलेल्या अर्जापेक्षा 'इतके इंच, इतके क्युसेक' लिहिलेला अर्ज बाजूला ठेवणे कुणालाही जड जाते.